३० जुलै

तीस जुलैला सकाळी मी माळीणला निघालो होतो. दरवर्षी जमतंच असं नाही, पण यंदा दहा वर्षं पूर्ण होत होती म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. घोडेगावला चहाला थांबलो, तर टपरीतल्या टीव्हीवर लाल पट्टी पळत होती. केरळात वायनाडला दरड कोसळली, झोपेतली गावं वाहून गेली. टपरीवाले काका गाळणं हातात तसंच धरून उभे राहिले. म्हणाले, "सर, तारीख बघितली का?"

३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं. ३० जुलै २०२४ ला वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं. डोंगर एकच, सह्याद्री.

२०१४ ला माळीणला मी दुसऱ्या दिवशी पोचलो होतो. आम्ही जवळपासच्या गावांतली पंधरा-वीस माणसं, फावडी घेऊन गेलो होतो, फावड्यांचा काही उपयोग नव्हता. पाऊस थांबत नव्हता, धुकं इतकं की पलीकडे उभा असलेला पोकलेन नुसता ऐकू यायचा. गावातली शाळा तेवढी वाचली होती. त्यामुळे सगळं शाळेपासून मोजायचं चाललं होतं. एक माणूस शाळेच्या कोपऱ्यापासून पावलं टाकत चिखलात यायचा, थांबायचा, मागे वळून शाळेकडे बघायचा, पुन्हा दोन पावलं सरकायचा आणि पोकलेनवाल्याला हात करायचा, इथं. इथं चौथं घर. तो दिवसभर तेच करत होता. चिखल रात्रीतून सरकला होता आणि त्याचं माप दर वेळी वेगळ्या जागी पडत होतं. १५१ माणसं गेली. गाव गेल्याचं जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या वळणावर आला आणि त्याला गाव दिसलं नाही.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. आठवी-नववीच्या मुलांकडून दरवर्षी पर्यावरणाच्या बातम्यांची कात्रणवही करून घेतो. जगातली कुठलीही बातमी चालते, फक्त नकाशात जागा दाखवता आली पाहिजे. यंदा माळीणहून परत आल्यावर मी त्यात एक गोष्ट वाढवली. प्रत्येक कात्रणाखाली मुलं बातमीची तारीख लिहितात, त्याच्या शेजारी मी पेन्सिलीने दुसरं साल लिहायला लागलो. ही गोष्ट खरं तर कधी ठरली होती, ते साल. डिसेंबरात वही पालथी घातली तेव्हा मला जे दिसलं ते सांगायला ही पोस्ट लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

वायनाडच्या कात्रणाशेजारी मी २०११ लिहिलं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सरांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल केंद्राला दिला. कुठला भाग किती नाजूक आहे, कुठे डोंगर फोडू नये, कुठल्या उतारावर काय करू नये, हे त्यात तालुक्यागणिक लिहिलेलं आहे. केरळात त्याविरुद्ध मोर्चे निघाले, महाराष्ट्रातही कुणी मनापासून उचलून धरला नाही. मग त्या अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन समिती आली, जपायचं क्षेत्र कमी झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चूरलमलाच्या शेजारीच पुथुमलाला दरड कोसळून १७ माणसं गेली. त्याच डोंगराने पाच वर्षं आधी एकदा सांगून पाहिलं होतं. यंदा जुलैच्या शेवटी दोन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि मध्यरात्रीनंतर वरचा उतार सुटला. अडीचशेहून जास्त माणसं गेली. चलियार नदीने मृतदेह कितीतरी किलोमीटर खाली निलंबूरपर्यंत नेले.

३१ जुलैला, म्हणजे तिकडे लष्कराचे जवान लोखंडी पूल उभारत असताना, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढली. मसुदा, आणि तोही सहावा. सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७,३४०. पहिला मसुदा निघाला होता मार्च २०१४ मध्ये. माळीणच्या चार महिने आधी.

हे लिहिताना माझा राग लपत नाहीये, लपवायचाही नाही.

स्पेनच्या व्हॅलेन्सियाचं कात्रण एका मुलीने आणलं होतं, गाड्या एकमेकींवर काड्यांसारख्या रचल्या गेल्याचा फोटो. २९ ऑक्टोबर. चिवा नावाच्या गावात आठ तासांत ४९१ मिलिमीटर पाऊस, म्हणजे तिथला वर्षाचा पाऊस एका दुपारी. तिथे मला साल लिहिता आलं नाही, दोन वेळा लिहिल्या. हवामान खात्याने लाल इशारा दिला तो सकाळी साडेसातच्या सुमारास. लोकांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश वाजला तो रात्री आठ वाजून गेल्यावर, तोवर कितीतरी जण तळघरात गाडी काढायला गेले होते आणि रस्त्यावर पाणी छातीला लागलं होतं. दोनशेहून जास्त लोक गेले. याच शहरात १९५७ साली मोठा पूर आला होता, त्यानंतर तुरिया नदीचं पात्रच शहराबाहेरून वळवलं होतं, म्हणून यंदा मधलं शहर कोरडं राहिलं. त्यांनी त्या वेळी मनावर घेतलं, त्याचं फळ सदुसष्ट वर्षांनी मिळालं. दक्षिणेच्या गावांनी मात्र मधल्या काळात ओढ्याच्या काठाने घरं वाढवत नेली, आणि पाणी त्या ओढ्यानेच आलं.

आता मला ज्याबद्दल खरं तर लिहायचं होतं ते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि ऑरेगॉन या राज्यांमधून क्लॅमथ नावाची नदी वाहते. तिच्यावर विजेसाठी बांधलेली चार धरणं होती, सगळ्यात जुनं १९१८ सालचं. यंदा ती सगळी नाहीशी झाली. एक २०२३ मध्येच काढलं होतं, उरलेली तीन यंदा. अमेरिकेतला आजवरचा सगळ्यात मोठा धरणपाडीचा प्रकल्प होता हा.

नदीच्या खालच्या अंगाला युरोक, कारुक असे मूळनिवासी समाज राहतात. सॅमन मासा हे त्यांचं अन्न, सण, देव सगळंच. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या ओढ्यात चढून येतो. धरणांनी ती वाट बंद केली होती. सप्टेंबर २००२ मध्ये नदीत पाणी कमी, त्यात ते कोमट झालेलं, रोग पसरला आणि कमीत कमी ३४,००० सॅमन मरून काठाला लागले. कात्रणाशेजारी मी लिहिलेलं साल हेच, २००२. त्या वासात उभं राहिलेल्या माणसांनी ठरवलं की धरणं जायलाच हवीत. धरणांची मालक कंपनी त्या वेळी एका स्कॉटिश कंपनीच्या ताब्यात होती, तर २००४ मध्ये ही माणसं स्कॉटलंडला भागधारकांच्या सभेपर्यंत जाऊन पोचली. पुढे मालक बदलले, तर नव्या मालकांच्या सभेला गेली. करार झाला, मोडला, पुन्हा झाला. परवानगी मिळायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला.

जानेवारीत जलाशय रिकामे करायला लागले तेव्हा नदी गाळाने काळी-तपकिरी झाली. मासे मेले, हरणं गाळात रुतली. विरोधकांनी म्हटलं, बघा, हेच सांगत होतो. ते दोन-तीन महिने त्या लोकांनी कसे काढले असतील याचा मी पुष्कळ विचार केला. बावीस वर्षं झगडून मिळवलेली गोष्ट पहिल्या दिवशी अशी दिसावी. पण त्यांनी आधीच काही वर्षं डोंगरांवरून स्थानिक झाडागवतांचं बी गोळा करून वाढवून ठेवलं होतं, अब्जावधी दाणे. उघड्या पडलेल्या गाळावर ते टाकलं. उन्हाळ्यात तिथे फुलं आली होती.

२ ऑक्टोबरला काम संपलं. पंधरवड्यात, १६ ऑक्टोबरला, ऑरेगॉनमधल्या स्पेन्सर ओढ्यात एक चिनूक सॅमन दिसला. समुद्रापासून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर चढून आलेला. त्या भागात असा मासा शेवटचा नोंदला गेला होता १९१२ मध्ये. त्याला कुणी वाट दाखवली नव्हती. त्याच्या आज्या-पणज्यांनी कुणी ते पाणी पाहिलेलं नव्हतं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारलं, सर, मग शेतीला पाणी? प्रश्न बरोबर आहे, आमच्याकडे धरण म्हटलं की पहिलं तेच मनात येतं. ही चार धरणं फक्त विजेसाठी होती, वरच्या भागातल्या शेतीचं पाणी दुसरीकडून येतं. आणि वीजही ती थोडीच देत होती, मासे चढवायच्या सोयी करण्यापेक्षा धरणं काढणं कंपनीलाच स्वस्त पडलं. आपली धरणं पाडा असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गात डिंभे धरणाखाली गेलेल्या गावांची नातवंडं बसतात, आणि त्याच धरणाच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्यांचीही बसतात. पण मालकी कुणाची, पाणी कुणाला, आणि काठावरच्या माणसाला कुणी विचारलं का, हे प्रश्न शंभर वर्षांनीसुद्धा पुन्हा उघडता येतात, हे क्लॅमथने दाखवलं. ते मला मुलांना कळायला हवं होतं.

पूर आला त्याच स्पेनमधली दुसरी बातमी जूनची. आयबेरियन लिंक्स हे कानांवर काळ्या केसांचे झुपके असलेलं मोठं रानमांजर. २००१ मध्ये प्रौढ जनावरं ६२ उरली होती. २०२२ च्या मोजणीत ती ६४८ झाली, पिल्लं धरून दोन हजारांच्या वर. यंदा २० जूनला जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला 'धोक्यात' या गटातून काढून एक पायरी खालच्या, 'असुरक्षित' गटात टाकलं. लिंक्स जगतो सशांवर. रोगांनी ससे मेले म्हणून लिंक्स संपत आला होता. तर त्यांनी ससे वाढवले, झुडपी रान राखलं, केंद्रांत पिल्लं जन्माला घालून २०१० पासून चारशेच्या वर लिंक्स स्पेन आणि पोर्तुगालच्या रानात सोडले, शेतमालकांशी बोलणी केली, रस्त्यांखालून वाटा काढल्या. अजूनही गाड्यांखाली मरतातच. पण वीस वर्षं कुणी मध्येच हात झटकले नाहीत.

हे वाचताना मला सारखा माळढोक आठवत होता. माझे सासरे उत्तर सोलापूर तालुक्यातले. ते सांगतात, पोरवयात नान्नजच्या माळावर शेरडं चारताना पावसाळ्यात नर माळढोक गळ्याची पांढरी पिशवी जमिनीपर्यंत फुगवून उभा असायचा आणि त्याचा घुमणारा आवाज लांबून यायचा. त्यांनी हाताने उंची दाखवली, कमरेच्या वर. १९७९ मध्ये तिथे अभयारण्य झालं. मी लग्नानंतर दोनदा तिथल्या मचाणावर दिवस काढला. काळवीट पाहिले, खोकड पाहिलं, चंडोल ऐकले. सासरे दोन्ही वेळा दुर्बीण डोळ्याला न लावता नुसतेच बघत बसले होते.

आता देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले, बहुतेक सगळे राजस्थानात. मादी वर्षाला एखादंच अंडं घालते. पक्षी वजनदार, समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो. त्या तारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्या असा आदेश झाला होता, यंदा २१ मार्चला न्यायालयाने तो ढिला केला, कारण त्या वाळवंटातून सौरऊर्जाही यायची आहे. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे असंही म्हटलं. मला निकाल पूर्ण चुकीचा वाटत नाही, ऊर्जेची अडचण खोटी नाही. पण जो पक्षी दीडशेवर आला आहे त्याला आपण सावकाश मार्ग काढू असं सांगता येत नाही. ऑक्टोबरात एक चांगली बातमी आली. जैसलमेरच्या सुदासरी केंद्रात कृत्रिम गर्भधारणेतून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्मलं. नराचं वीर्य दोनशे किलोमीटरवरच्या रामदेवऱ्याहून आणलं होतं. सासऱ्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नान्नजला आणतील का?"

बाकीची पानं भराभर सांगतो. ३० सप्टेंबरला इंग्लंडमधलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ ऑन सोर, बंद झालं. कोळशावर सार्वजनिक वीज सुरू झाली ती १८८२ मध्ये लंडनलाच, म्हणजे १४२ वर्षांनी त्यांनी कोळसा सोडला. पेन्सिलीतलं साल २०१५, त्या वर्षी सरकारने दहा वर्षांची मुदत जाहीर केली होती आणि ती मुदतीआधी पाळली. ९ एप्रिलला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात स्वित्झर्लंडच्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्या बायका आपल्याच सरकारविरुद्ध जिंकल्या. उन्हाच्या लाटांत आमचा जीव जातोय आणि तुम्ही पुरेसं करत नाही, हा त्यांचा दावा. सरासरी वय सत्तरीच्या पुढे. संस्था काढली होती २०१६ मध्ये, म्हणजे निकाल ऐकायला त्यांच्यातल्या सगळ्या नक्कीच उरल्या नसतील.

परिषदांची कात्रणं तीन. कोलंबियातल्या काली शहरातली जैवविविधतेची परिषद प्रतिनिधी विमानं पकडायला निघून गेल्यामुळे गणपूर्तीअभावी अर्धवट थांबली. अझरबैजानच्या बाकूला हवामान परिषदेत गरीब देशांना द्यायच्या मदतीत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरवर हात आखडला, मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. दक्षिण कोरियातल्या बुसानला प्लास्टिकचा करार झालाच नाही. त्या पानांवर माझ्या पेन्सिलीने काही लिहिलेलं नाही, ती कोरीच ठेवली.

आणि उष्णता. यंदाचं साल आजवरचं सगळ्यात उष्ण, आणि औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत दीड अंश ओलांडणारं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरणार, हे डिसेंबरातच युरोपच्या कोपर्निकस संस्थेने सांगून टाकलंय. जूनमध्ये हजच्या यात्रेत तेराशे माणसं गेली, मक्केत पारा ५१ च्या वर होता. एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरची प्रवाळं चौथ्यांदा पांढरी पडत असल्याचं जाहीर केलं, आपल्या लक्षद्वीपचीही. मे महिन्यात घाटकोपरला रात्री विमानाच्या धडकेने ३९ रोहित पक्षी मेले, ते कात्रण तीन मुलांनी आणलं होतं.

शेवटचं कात्रण १० डिसेंबरचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने गाडगीळ सरांना जीवनगौरव दिला, 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ'. आनंद झाला, पेढेही वाटले. पण त्या सन्मानाच्या बातम्यांमध्ये अहवालातली एक गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. संवेदनशील क्षेत्र दिल्लीतून आखून खाली पाठवू नका, ग्रामसभेपुढे न्या, लोकांना ठरवू द्या, हे त्यात स्पष्ट आहे. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी तेव्हाच ठराव करून सांगितलं होतं की आमची गावं संवेदनशील म्हणून घ्या. लोकांना नकोच आहे, असं जे म्हणतात त्यांनी ते ठराव वाचावेत.

सहाव्या मसुद्यातल्या गावांच्या यादीत आमचं गाव आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी मसुद्याच्या कामाच्या पानांचं मराठी करून नेलं. पहिला आवाज आला, "आता घराचा पत्रा बदलायलाबी दिल्लीची परवानगी." दुसरा म्हणाला, जमीन विकता येणार नाही. मी मसुद्यातलं कलमच वाचून दाखवलं. राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ, यावर बंधन नाही. जमिनीच्या मालकीला हात नाही. बंदी आहे ती खाणी, दगड फोडणं, वाळूउपसा, सगळ्यात घाण करणारे कारखाने, वीस हजार चौरस मीटरच्या पुढची बांधकामं, यांना. चालू खाणी पाच वर्षांत बंद करायच्या. सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक आजी उठल्या. त्यांचं घर वरच्या आळीत, समोरच्या डोंगराला खडीचं क्रशर लागलंय, सुरुंग उडाला की त्यांच्या मांडणीवरची भांडी वाजतात. त्या म्हणाल्या, "ते डोंगर फोडायचं थांबंल का ते सांग. बाकीचं तू वाचू नको."

हरकती-सूचनांना साठ दिवसांची मुदत होती. आमचं पत्र त्रेपन्नाव्या दिवशी गेलं, सरपंचताईंच्या सहीने, सोबत अठ्ठ्याऐंशी सह्या आणि अंगठे. सगळं गाव नाही, निम्म्याहून थोडं कमीच. २०२४ संपत आलं तरी मसुदा अजून मसुदाच आहे.

२६ जानेवारीच्या सभेला गावाचा नकाशा शाळेच्या व्हरांड्यात लावायचा ठरलंय. मुलं काढताहेत. उतार, पाऊस झाला की भेगा पडतात त्या जागा, क्रशर, झरे. आजी परवा शाळेत येऊन बघून गेल्या. सरकारी नकाशात त्यांच्या बांधावर एक झरा आहे. त्यांनी नववीतल्या पोरीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिला आणखी दोन जागा दाखवल्या.